चार बोटं वर

३ फेब्रुवारी, मंगळवार

नाही विकायची. म्हणजे नाही!

सकाळी मुलाचा फोन. आधी पाच मिनिटं माझ्या गुडघ्यांची चौकशी, तेव्हाच ओळखलं की याच्या पोटात काहीतरी आहे. मग हळूच – "आई, बाबांच्या मोटरसायकलला गिऱ्हाईक मिळालंय. एक मार्चला, रविवारी घेऊन येतो." मी म्हटलं, बाबांना विचारलंस का? "बाबांचं तू सोड गं." सोड म्हणे! गाडी कोणाची आणि ठरवतंय कोण!

वर आणखी – "तशीही आठ महिने बंद आहे. बंद गाडी म्हणजे भंगार."

हा शब्द लागला मला. ह्यांनी मीटर रीडरची नोकरी त्या गाडीवर केली. एकतीस वर्षं, दारोदार. सुट्टीच्या दिवशी मागच्या सीटवर बसून मी जेवढं जग पाहिलं, तेवढंच माझं जग. गेल्या जूनमध्ये हे गॅरेजमध्ये तिचं मागचं चाक काढत होते, तेव्हा ती जॅकवरून घसरली आणि ह्यांच्या पायावर पडली. नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, काठी आली, आणि माणूस गप्प झाला. तेव्हापासून गॅरेजचा उंबरा ओलांडलेला नाही. दिवसभर खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर रेडिओ. माणूस असा विझताना बघायचा आणि वर त्याची गाडीही विकायची? मी नाही विकू देणार.

एक तारखेच्या आत गाडी चालू करून दाखवते. मग बघू भंगार कोण ते.

४ फेब्रुवारी, बुधवार

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायचं दार आहे, त्याची कडी गंजलेली. उघडली. आत सगळं जूनमधल्यासारखंच. गाडी भिंतीला टेकवलेली, मागच्या टायरमध्ये हवा नाही, चेन लोंबतेय. तो जॅक कोपऱ्यात आडवा. मोटारीचा जॅक – मोटरसायकलला!

मी मेकॅनिक नाही. पण अठ्ठावीस वर्षं क्रेनच्या कारखान्यात वजन उचलण्याच्या सामानाचं स्टोअर सांभाळलंय. पट्टे, साखळ्या, हूक, कप्प्या. क्रेनवाले स्टोअरच्या खिडकीशी यायचे. मी पट्ट्यावरून दोन्ही बाजूंनी बोटं फिरवायची, सही घ्यायची, मग द्यायचा. परत आला की पुन्हा बोटं. एक धागा उसवलेला लागला की पट्टा बाद, तिथल्या तिथे कात्रीने दोन तुकडे, कोणाला चोरून वापरायचा मोह नको. फोरमन ओरडायचे, "बाई, नवा होता तो!" ओरडा. माझ्या खिडकीतून गेलेल्या पट्ट्याने कोणाचं नखसुद्धा दुखावलं नाही.

आज तासभर नुसती उभी राहून बघितलं. काय झालं असेल ते हळूहळू कळलं. मागच्या चाकाचा मोठा नट गंजलेला. ह्यांनी आधी गाडी जॅकवर चढवली, आणि चाक अधांतरी असताना लांब पान्ह्याने नटाला हिसका दिला. नट हलला नाही, गाडी हलली! घट्ट नट आधी सैल करायचा, दोन्ही चाकं जमिनीवर असताना. मग उचलायचं. एवढंसं तर आहे.

चूक झाली ह्यांची. झाली तर झाली. कारखान्यात चूक झाली की पट्टा बाद करायचे, माणूस नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बेअरिंगची एक गोळी सापडली. फरशीवर ठेवली तर सुर्रकन शटरकडे पळाली! गॅरेज धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून गवंड्याने उतार दिलेला. त्या दिवशी गाडीचं तोंड शटरकडे होतं – म्हणजे उतारालाच. ती आधीपासूनच पळायच्या बेतात होती.

आता तोंड भिंतीकडे केलं, चढाला. एकटीने. इंच-इंच पुढे, इंच-इंच मागे. अर्धा तास गेला. कंबर बोलायला लागली. मीही तिला चार शब्द सुनावले.

७ फेब्रुवारी, शनिवार

जेवताना ह्यांना सांगून टाकलं. "मी गाडी उचलणार आहे."

घास हातातच. "कशाला?"

"दुरुस्त करायला."

"पण कशाला?"

मी म्हटलं, अहो, तुमची गाडी आहे! ह्यांनी घास तोंडात टाकला, चावून चावून खाल्ला आणि रेडिओचा आवाज वाढवला. एकतीस वर्षं जिच्यावर बसले तिच्याबद्दल एक शब्द नाही. केवढा धसका घेतलाय बिचाऱ्यांनी! मला भांडी घासताना रडू आलं. मग राग आला. राग बरा, रागाने हात चालतात.

८ फेब्रुवारी, रविवार

समोरची शेजारीण आज कचरा टाकायला तीनदा बाहेर पडली. एवढा कचरा होतो कुठून त्यांच्याकडे? शेवटी विचारलंच – "गॅरेज भाड्याने देताय की काय?" देतेय, तुमच्या नाकाला, घरात मावत नसेल म्हणून! – असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. निदान इथे लिहून ठेवते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हार्डवेअरच्या दुकानातून साखळी ओढून वजन उचलायची चेनपुली भाड्याने आणली, पट्टा नवा घेतला. दुकानदाराने पट्टा कागदात गुंडाळायला घेतला, तो मी काढून घेतला. बोटं फिरवली. शिवण बघितली. किती वजनाचा आहे ती चिठ्ठी वाचली. एक बाद केला, दुसरा मागितला. तोही बाद. तिसरा घेतला.

"आजी, पलंग बांधायचाय ना?"

"मोटरसायकल उचलायचीय."

तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

गाडीचा नट मात्र काही केल्या सैल होत नाही. तेल सोडून ठेवलंय. रोज थोडं.

११ फेब्रुवारी, बुधवार

नट सुटला!! पान्ह्यावर पाईप चढवला, दोन्ही चाकं जमिनीवर, गाडी पुढून-मागून ठोकळ्यांनी अडवलेली. कट्ट असा आवाज झाला. आवाज आत खिडकीपर्यंत गेला असणार. आतून नुसता रेडिओ वाजत राहिला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

लिहायला लाज वाटते, पण वहीशी खोटं बोलून कोणाला फसवू? सकाळी चेनपुली पत्र्याखालच्या आडव्या पाईपला लटकवली. पट्टा गाडीच्या मागच्या सांगाड्याखालून घेतला. पुढच्या ब्रेकची मूठ ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधली, गाडी पुढे सरकायला नको. गाडीखाली लाकडी ठोकळे, इंजिनला टेकतील असे. मग साखळी ओढली. कारखान्याचा नियम – कुठलंही वजन आधी चार बोटं वर. थांबायचं. पन्नास आकडे मोजायचे. मगच हलवून बघायचं, आणि मगच पुढे.

चार बोटं चाक वर आलं. काय वाटलं म्हणून सांगू! मोजायला लागले. सव्विसाव्या आकड्याला वरून कर्र आवाज आला आणि पाईप मध्यभागी वाकला – अगदी सावकाश, झोप आलेल्या माणसाची मान पडते तसा. पत्रे खडखडले. गाडी धप्पकन ठोकळ्यांवर बसली. मी चार पावलं लांब होते, मला काही झालं नाही. गाडीलाही नाही. ठोकळे नसते तर आडवी झाली असती.

पट्टा बघितला होता. हूक बघितला होता. साखळीची कडी न् कडी बघितली होती. आणि हे सगळं ज्याच्या गळ्यात घातलं त्या पाईपकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही! अठ्ठावीस वर्षं माझं काम खिडकीपर्यंतच होतं. सामान देऊन टाकायचं. ते वर कशाला अडकवतात, हे बघणं क्रेनवाल्यांकडे. मी कधी विचारलंच नाही, आणि मला वाटत राहिलं की उचलण्यातलं सगळं मला येतं.

हे दारापर्यंत आले होते. काठीचा आवाज आला. उंबऱ्यापलीकडून म्हणाले, "लागलं का?" मी नाही म्हटलं. मग आत गेले. चेहरा पांढराफटक.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

समोरचीने काल सगळं पाहिलं, शटर उघडं होतं ना. आणि मुलाला फोन केला. त्याचा नंबर हिच्याकडे आला कुठून?

मुलगा ओरडला. खरंच ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा. "आई, एकाचा पाय मोडला तेवढं पुरे नाही का? लोक म्हणतात साठी बुद्धी नाठी, ते उगाच नाही!" मी म्हटलं, मला त्रेसष्ट पूर्ण झाली, ती म्हण माझ्यासाठी जुनी झाली. तो हसला नाही. म्हणाला, आता एक मार्च नाही, बावीस फेब्रुवारीला येतो. गिऱ्हाईक घेऊनच.

म्हणजे नऊ दिवस.

ह्यांना सांगितलं, तुमचा मुलगा आठवडाभर आधी येतोय गाडी न्यायला. मान हलवली. एवढंच! मी म्हटलं, तुम्ही बोलत नसाल तर मी बोलेन, तुमच्या वतीने. हे खिडकीबाहेर बघत राहिले.

नऊ दिवस खूप झाले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे गेले. पाईप सरळ करून दे म्हणायला. तो आला, वर बघितलं, खाली बघितलं, कान खाजवला.

"काकू, हे छप्पर कसंबसं स्वतःला धरून आहे. त्याला कशाला कामाला लावता? ओझं जमिनीला द्या. जमीन कोणाला नाही म्हणत नाही."

मग खडूने फरशीवर चित्र काढलं. मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं त्याला हे लोक चिमटा म्हणतात. त्या चिमट्याखाली जाईल असा लोखंडी स्टँड, खाली रुंद, मागे दांडा. दांडा खाली दाबला की गाडी आपोआप वर. सगळं वजन खाली जमिनीवर.

"दाबणार कोण? काका का?"

"मी."

त्याने माझ्याकडे बघितलं. दंडांकडे बघितलं. म्हणाला, "मग दांडा वीतभर लांब करतो."

एवढंच. उपदेश नाही, वय नाही, काही नाही. देवमाणूस!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

स्टँड आला. जिथे चिमटा टेकतो तिथे त्याने रबर लावलंय, घसरू नये म्हणून. मी चारही जोड बोटांनी तपासले. एका जोडात टाचणीएवढं भोक. परत पाठवला. कुरकुर न करता भरून आणला. "तुमच्या हाताखाली काम करायला नको रे बाबा," म्हणाला. ही मी शाबासकी समजते.

या स्टँडला दोन माणसं लागतात. एकाने गाडी सरळ धरायची, पुढचा ब्रेक दाबून. दुसऱ्याने मागे दांडा दाबायचा. वेल्डर गुरुवारी अकराला येतो म्हणालाय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

अकरा वाजले. साडेअकरा. वेल्डर नाही. फोन केला तर लांब कुठेतरी गेटचं काम निघालंय, उद्याचं बघू म्हणाला. उद्या! टायर बदलायचा, ब्रेकशू बदलायचे, चेन बदलायची, आणि रविवार आलाच.

मी मनाशी म्हटलं, एकटीने करते. गाडी भिंतीला टेकवते, दोरीने खुंटीला बांधते. वेडेपणा होता, मला कळत होतं. तरी दोरी घेतलीच हातात.

तेवढ्यात मागे काठी वाजली. ठक. ठक. आणि मग उंबऱ्याच्या अलीकडे वाजली! वळून बघते तर हे गॅरेजमध्ये उभे. आठ महिन्यांनी. घामाघूम, आणि अजून काहीच केलेलं नाही.

"नट?" म्हणाले.

"आधीच सैल केलाय."

"तोंड?"

"चढाला."

"हं." काठी भिंतीला उभी केली, गाडीच्या डाव्या बाजूला आले, दोन्ही हातांनी मुठी धरल्या, उजव्या हाताने ब्रेक आवळला. मी म्हटलं, जमत नसेल तर राहू द्या. "दाब तू," म्हणाले.

स्टँड चिमट्याखाली सरकवला. दांड्यावर दोन्ही हात, मग सगळं अंग. चाक सुटलं जमिनीपासून. एक बोट, दोन, तीन, चार. थांबले. मोजायला सुरुवात केली. दहाच्या पुढे ऐकते तर पलीकडून हेही मोजतायत, ओठातल्या ओठात. आम्ही दोघं पन्नासपर्यंत गेलो. मग हलवून बघितलं. गाडी तसूभर सरकली नाही. मग पूर्ण दाबला दांडा. इंजिनखाली ठोकळे भरले, पुढच्या चाकाला दोन्हीकडून अडसर, ब्रेकच्या मुठीला ट्यूबची पट्टी. पुन्हा हलवलं. डोंगरासारखी उभी!

हे काठी घेऊन आत गेले. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने हसले. माझा माणूस परत आला!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चाक काढलं. टायरवाल्याकडे न्यायचं कसं? भाजीची चाकांची पिशवी होती, त्यात घातलं. समोरची दारात. "आज कुठली भाजी?" म्हटलं, कारलं आहे, मोठं.

नवा टायर, नवे ब्रेकशू. जुने ब्रेकशू इतके झिजलेले की हात लावला तर भुगा. आणि ह्याच्यावर मी मागे बसायचे! चेन घालायला दोन तास. उलटी बसली, काढली, पुन्हा. काळे हात धुवायला साबणाची अख्खी वडी गेली. नखांत अजून आहे. राहू दे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

चाक जागेवर. हाताने फिरवलं तर फिरतच राहिलं, घुर्र घुर्र. गाडी खाली घेतली, ह्यांनीच पुन्हा धरली. चाकाचा नट शेवटचा आवळला तो गाडी जमिनीवर आल्यावर. बॅटरी वेल्डरने चार्ज करून दिली होती. पेट्रोल बदललं. अकराव्या किकला चालू झाली! गॅरेजभर धूर. शटर घाईने वर केलं. हे खोकत आत गेले. उद्या मुलाला मागचं चाक फिरताना दाखवायचं म्हणून गाडी पुन्हा स्टँडवर चढवायची होती, त्यासाठी परत यावं लागलं त्यांना. आले.

ते गेल्यावर मी गाडीवर बसले. मागे नाही, पुढे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मूठ पिळली, इंजिन भुंकलं. पुन्हा पिळली. कोणी बघत नव्हतं. समोरची होती बहुतेक. बघू दे.

उद्या येऊ दे मुलाला. बापाच्या वतीने असं सुनावते की नाव काढणार नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज काही लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहिते.

मुलगा दहाला आला, गिऱ्हाईक घेऊन. गिऱ्हाईक बरा माणूस होता, गाडीआधी स्टँड बघायला वाकला. "हे कोणी केलं?" मुलगा म्हणाला, "आईने." त्या एका शब्दात जरा अभिमान होता, खोटं का बोला. मी चालू करून दाखवली. मागचं चाक हवेत फिरतंय, गाडी जागची हलत नाही. मुलगा बघतच राहिला.

मग मी सुरू झाले. तीन आठवडे पाठ केलेलं. गाडी तुझी नाही, तुझ्या बाबांची आहे. ज्या माणसाने तिच्यावर जन्म काढला त्याला न विचारता तू विकणारा कोण? पाय मोडला म्हणून माणूस भंगारात काढायचा? असं बरंच. आवाज चढला होता. गिऱ्हाईक म्हणाला, "मी बाहेर थांबतो."

मुलगा शांतपणे ऐकत होता. मग माझ्याकडे नाही, मागे बघून म्हणाला, "बाबा, आता तुम्हीच सांगा. मी किती दिवस वाईटपणा घेऊ?"

हे उंबऱ्यात उभे. काठीवर दोन्ही हात. म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्याला विकायला."

मला वाटलं माझ्यासाठी बोलतायत, भांडण मिटवायला. म्हटलं, उगाच मुलाला पाठीशी घालू नका! "नाही गं. जानेवारीतच सांगितलं. तूच विकतोयस असं दाखव म्हटलं. तुझ्यापुढे माझी जीभ उचलली नसती."

ताकाला जाऊन भांडं लपवणारा नवरा! मी आत गेले. घासलेली भांडी पुन्हा घासली. मुलाने गिऱ्हाइकाला परत पाठवलं आणि जेवून गेला. जाताना पाया पडला नेहमीसारखा, तर मी पाय मागे घेतले. त्याचं वाईट वाटतंय आता. त्याचा काय दोष?

२५ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांच्याशी बोलत नाही. चहा ठेवते, कप जरा जोरात ठेवते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मीच बोलले शेवटी. बोलल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही, हे त्यांना माहीत आहे. बसून राहतात वाट बघत.

"का नको गाडी? भीती वाटते?"

"भीती वाटते. पण त्यासाठी नाही." मग रेडिओ बंद केला. रेडिओ बंद केला म्हणजे गंभीर. "मला ती कधी आवडलीच नाही. ऊन, धूळ, कुत्री. तीन वेळा कुत्रा चावलाय मला तिच्यावर बसून. नोकरी होती म्हणून बसलो. पाय मोडला ना, त्या दिवशी दवाखान्यात पहिला विचार काय आला सांगू? सुटलो."

"आणि दिवसभर खिडकीशी काय करता मग? मला वाटलं विझत चाललाय माणूस!"

"अगं, बसतो! एकतीस वर्षं बसलो नव्हतो. फार बरं वाटतं."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे मी ज्याला दुःख समजत होते तो आराम होता! आठ महिने मी या माणसाकडे दयेने बघतेय आणि हा मजेत गाणी ऐकतोय!

"मग त्या दिवशी धरायला कशाला आलात?"

"तू हातात दोरी घेतलीस. खिडकीतून दिसत नाही, पण मला कळलं. ती तुझ्या अंगावर पडली असती तर? गाडी नकोय मला. तू हवी आहेस."

चाळीस वर्षांत असं वाक्य यांच्या तोंडून पहिल्यांदा. तर पुढे म्हणतात, "पण एक विचारू? खरं सांग. हे सगळं माझ्यासाठी केलंस?"

अर्थात तुमच्यासाठी, म्हणायला तोंड उघडलं. बंद केलं. उठून गॅरेजमध्ये गेले. उगाचच. ठोकळे एका रेषेत आहेत का ते बघायला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नव्हतं केलं ह्यांच्यासाठी.

मागच्या सीटवरून फक्त ह्यांची पाठ दिसायची. खांद्यावरून वाकून बघायचे तर हे म्हणायचे, हलू नकोस. सायकल येते मला, तोल कळतो. तीस वर्षांपूर्वी एकदा विचारलं होतं, मला शिकवा. "तुला कशाला?" म्हणाले होते. मी पुन्हा विचारलं नाही. न विचारणारी मी! फोरमनला गप्प करणारी मी!

२ मार्च, सोमवार

मोटरसायकल आज विकली. मुलगा सुट्टी काढून आला, फॉर्म त्यानेच आणला, समोरचीने दारातून सगळं बघून घेतलं. विकणाऱ्याच्या जागी ह्यांनी सही केली. विकत घेणाऱ्याच्या जागी मी.